नीट कौन्सिलिंगचं २५ हजाराचं ‘गोल्ड’ पॅकेज : बारावी ९१ टक्के, नीट ३४७, आणि आमचा अनुभव

आधीच सांगतो, मेडिकल अॅडमिशनचं कौन्सिलिंग करणाऱ्या या ऑफिसचं नाव टाकणार नाही. एकतर त्याच रोडवर तसली अजून दोन-तीन ऑफिसं आहेत आणि तिथेही हेच पॅकेज, हेच सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम, आणि दुसरं म्हणजे मला कुणाशी भांडायचं नाहीये, यंदा ज्यांच्या घरी बारावी आणि नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दोन्ही आहे त्यांना पैसे देताना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय. ऑफिस छत्रपती संभाजीनगरला, आम्ही जालन्याचे. स्टार द्यायचे तर ५ पैकी अडीच, आणि ते अडीच पण तिथल्या एका मॅडममुळे.

केस अशी होती. माझी बहीण, बारावी स्टेट बोर्ड, २०२५ ची बॅच, ९१ टक्के. फिजिक्सला ९३, केमिस्ट्रीला ९१, बायोला ९४. घरात पेढे वाटून झाले. मग १४ जूनला नीटचा निकाल, ७२० पैकी ३४७. फिजिक्स १८० पैकी ४१. ज्या पोरीला बोर्डात फिजिक्सला ९३ तिला नीटमध्ये ४१ कसे, हा प्रश्न आमच्याकडे येऊन गेलेल्या प्रत्येक नातेवाइकाने विचारला, काकूने तर दोनदा विचारला.

याचं उत्तर खरंतर अवघड नाहीये. बोर्डाचे १०० म्हणजे ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, प्रॅक्टिकलला कॉलेज हात आखडत नाही, लेखीत डेरिव्हेशन पाठ करून स्टेपला मार्क मिळतात, आकृती नीट काढली तर अजून. नीटला स्टेप नाही, आकृती नाही, १८० मिनिटात १८० प्रश्न, बरोबर आला तर ४ आणि चुकला तर उलट १ वजा. त्यात २०२५ चा फिजिक्सचा पेपर इतका बेक्कार होता की देशात पहिल्या आलेल्याला पण ६८६ च पडले, आदल्या वर्षी सुरुवातीच्या निकालात ७२० पैकी ७२० वालेच ६७ जण होते. म्हणजे बोर्डाचे मार्क खोटे असतात असं नाही, ती परीक्षाच वेगळी आहे. पाठांतर चांगलं, अक्षर चांगलं, वर्षभर नियमित अभ्यास, याचे ते मार्क आहेत आणि पुढे डॉक्टरकीचा अभ्यास करताना ते कामालाच येणार आहे, पण अॅडमिशनला त्याची किंमत शून्य आहे, आणि याच शून्यावर या ऑफिसांचा धंदा चालतो असं आता माझं मत झालंय.

सांगतो कसं ते. पहिल्या दिवशी गेलो, फ्री काउन्सिलिंग सेशन होतं. मी, पप्पा आणि बहीण. एसी केबिन, भिंतीवर अॅप्रन घातलेल्या पोरापोरींचे फोटो, टेबलवर स्टेथोस्कोप (का ते विचारू नका, सर डॉक्टर नाहीत). सरांनी दोन्ही मार्कशीट समोर ठेवल्या, नीटची बाजूला सारली आणि बारावीची हातात धरून पप्पांना म्हणले, “काका, पोरीचं प्रोफाइल लई स्ट्राँग आहे, नीटला एक दिवस खराब गेला म्हणून काय झालं, प्रोफाइल बघून सीट काढू आपण.” पप्पांचा चेहरा निकालानंतर पहिल्यांदा जरा खुलला. तिथेच गोल्ड पॅकेज ठरलं, निम्मे पैसे जागेवर, निम्मे सीट अलॉट झाल्यावर.

आता हे प्रोफाइल प्रकरण नीट समजून घ्या कारण २५ हजार त्याचेच घेतात. आपल्याकडे प्रोफाइल नावाची गोष्टच नाहीये. अमेरिकेत आहे, तिकडे आमचा एक मावसभाऊ प्री-मेड करतोय, त्यांच्याकडे कॉलेजचा जीपीए (मार्कांची सरासरी) चांगला आणि एमकॅट (तिकडची मेडिकलची प्रवेश परीक्षा) कमी असं असलं तरी निबंध, शिफारसपत्र, हॉस्पिटलमधलं काम, इंटरव्ह्यू असं सगळं धरून कॉलेज ठरवतं, तिथे प्रोफाइल म्हणलं तर त्याला अर्थ आहे. इथे सीईटी सेलची (राज्यातले प्रवेश बघणारं सरकारी ऑफिस) मेरिट लिस्ट फक्त नीटवर लागते. बारावी कशाला बघतात? पात्रतेला. फिजिक्स केमिस्ट्री बायो मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पाहिजेत, बस. ५१ वाला आणि ९५ वाला त्या रांगेत सारखेच. दोघांचे नीटचे मार्क सेम आले तरी आधी नीटमधलाच बायोचा स्कोअर बघतात, मग केमिस्ट्री, बारावीचा तिथे पण नंबर लागत नाही.

आमचे मामा अजून त्यांच्या जमान्यात आहेत. त्यांच्या वेळी सीईटीच नव्हती, बारावीच्या पीसीबी ग्रुपवर (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोच्या मार्कांवर) मेडिकल मिळायचं, “ग्रुप किती पडला” एवढंच विचारायचे लोक. मग राज्याची सीईटी आली, २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नीट सक्तीची झाली, पण त्या वर्षी अध्यादेशामुळे राज्यातल्या सरकारी सीटा शेवटच्या वेळेस राज्य सीईटीवर भरल्या आणि २०१७ पासून सगळं नीटवर. मामांनी आणि सरांनी मिळून पप्पांना अजून एक गोळी दिली की पुढच्या वर्षीपासून बारावीचे मार्क धरणार आहेत, तेव्हा ड्रॉप (एक वर्षाची गॅप) घेऊन थांबवा. असलं काही नाहीये हो. तामिळनाडूने २०२१ ला बारावीच्या मार्कांवर अॅडमिशन द्यायचं बिल विधानसभेत पास करून घेतलं, त्यासाठी न्यायमूर्ती ए. के. राजन यांची कमिटी पण बसवली होती, तरी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. एवढा जोर लावून त्यांचं झालं नाही, आपल्याकडे तर तसं बिल पण नाही. एजंटच्या तोंडून ‘पुढच्या वर्षी नियम बदलणार’ ऐकलं की समजायचं काहीतरी विकायचंय.

असो, सर्व्हिसवर येतो.

गोल्डमध्ये काय काय लिहिलं होतं : कट-ऑफ अॅनालिसिस, डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन, चॉइस फिलिंग, सगळ्या राउंडला सपोर्ट, व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि ‘कॉन्फिडेन्शियल डेटा’.

कॉन्फिडेन्शियल डेटा म्हणजे काय ते आधी सांगतो कारण याचा मला सगळ्यात जास्त राग आला. सीईटी सेल प्रत्येक कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडनंतर सिलेक्शन लिस्टची पीडीएफ साइटवर टाकते, कुणाला कुठल्या कोट्यातून कुठलं कॉलेज मिळालं सगळं त्यात असतं, फुकट. यांनी ती एक्सेलमध्ये घेतलेली, वर ऑफिसचा लोगो, पासवर्ड लावलेला, आणि पासवर्ड गोल्डवाल्यांनाच. बरं ती पण नीट वापरावी ना. सर २०२४ च्या लिस्टमध्ये मार्क बघून सांगत होते की एवढ्याला हे कॉलेज गेलेलं, तेवढ्याला ते, आणि पोरीचा चेहरा पडत चाललेला कारण २०२४ ला मार्कांचा नुसता पूर आलेला आणि २०२५ ला तेच मार्क खाली बसलेले, ओपनचा क्वालिफाय कट-ऑफच १६२ वरून १४४ वर आला. दोन वर्षांचे मार्क समोरासमोर ठेवून काही कळतच नाही, रँक बघायची असते, आपल्या राज्यात स्टेट मेरिट नंबर, म्हणजे ज्याला सगळे एसएमएल म्हणतात तो. मी हे म्हणलं तर सर म्हणले “तू शिकलेला दिसतोस”, आणि विषय बदलला.

आता चांगलं सांगतो, कारण चांगलं पण होतं.

डॉक्युमेंटचं काम एक मॅडम बघायच्या, बाहेरच्या टेबलवर, पंखा पण धड नाही त्यांना. त्यांनी आमची फाइल उघडली आणि पाच मिनिटात सांगितलं की नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्च २०२६ पर्यंत व्हॅलिड पाहिजे, तुमचं आधीच संपलंय, आजच सेतूत जाऊन नवीन टाका. कास्ट व्हॅलिडिटी आहे का, नॅशनॅलिटीचं काय, डोमिसाइल आहे ना, दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच ना, मेडिकल फिटनेस ब्रोशरमधल्याच नमुन्यात आणा डॉक्टरच्या लेटरहेडवर नको. एक-एक कागद हातात घेऊन, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी टॅली करून बघत होत्या. आमच्या व्हॅलिडिटीत वडलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं होतं, ते त्यांनी पकडलं आणि अॅफिडेव्हिट करून घ्यायला लावलं. रिपोर्टिंगला गेलो तेव्हा आमच्या पुढचा पोरगा नेमका नॉन-क्रीमीच्या तारखेवरून अडकलेला, त्याचे वडील फोनवर तहसीलमधल्या कुणाला तरी साहेब साहेब करत होते. तेव्हा मॅडमची आठवण झाली.

प्रेफरन्सचं पण त्यांनीच समजावलं. बरेच पालक काय करतात की ‘आपल्याला मिळेल’ असं वाटणारं कॉलेज वर टाकतात, घाबरून. मॅडम म्हणल्या वर ते टाका जे पाहिजे, कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो, वरचं नाही मिळालं तर खालचं जात नाही कुठे. आणि स्टेटस रिटेन्शन फॉर्म! हा फॉर्म म्हणजे मिळालेली सीट मला पक्की पाहिजे, पुढच्या राउंडला मला धरू नका असं लिहून देणं, भरला की पुढचे राउंड बंद. पहिल्या राउंडला सीट लागलेली पोरं आनंदात कॉलेजमध्ये जे कागद पुढे येतील त्यावर सह्या करतात आणि मग दुसऱ्या राउंडला बेटरमेंट (आणखी वरचं कॉलेज) का आलं नाही म्हणून रडतात. ही गोष्ट ब्रोशरमध्ये लिहिलेली आहे पण एवढं मोठं ब्रोशर वाचतंय कोण.

अजून एक, ए बी सी ग्रुप. एमबीबीएस-बीडीएस ए ग्रुपला, बीएएमएस (आयुर्वेद)-बीएचएमएस (होमिओपॅथी)-युनानी, म्हणजे आयुष, बी ला, फिजिओ-ऑक्युपेशनल वगैरे सी ला, प्रत्येकाचं प्रेफरन्स वेगळं आणि टाइमटेबल पण वेगळं. आयुषचा ऑल इंडिया कोटा अजून वेगळ्याच साइटवर. कमी मार्कवाल्यांना हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यांचा सगळा खेळ बी आणि सी ला असतो आणि घरचे मात्र ए ग्रुपच्या याद्यांकडे डोळे लावून बसलेले. आमच्याकडे आई रोज विचारायची हिंगोलीला नवीन सरकारी कॉलेज निघालंय म्हणे, वाशिमला निघालंय म्हणे, तिथे बघ ना. निघाली आहेत, २०२४ ला एकदम दहा निघाली राज्यात, त्याने सीटा वाढल्या हे खरंय, पण ३४७ ला सरकारी एमबीबीएस नवीन काय जुनं काय, ओबीसीतून सुद्धा जवळपास नव्हतं. हे मॅडमनी आईला फोनवर स्पष्ट सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सर काय करत होते मग? सर विकत होते. आधी डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठांची कॉलेजं. “फक्त रजिस्ट्रेशन करून ठेवू काका, बघू तर.” फक्त रजिस्ट्रेशन म्हणजे एमसीसीला (देशपातळीवरचं कौन्सिलिंग करणारी सरकारी कमिटी) डीम्डसाठी ५ हजार फी आणि वर २ लाख डिपॉझिट. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण दुसऱ्या राउंडला सीट लागली आणि गेलो नाही तर ते जातं, हे सांगायला विसरले. सीट घेतली तर वर्षाला फी वीस लाखाच्या वर, साडेचार वर्षं. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांनी मनातल्या मनात पीएफ काढून बघितला असणार, मला चेहऱ्यावरून कळलं.

ते जमत नाही म्हणल्यावर इन्स्टिट्यूट कोटा, म्हणजेच मॅनेजमेंट कोटा. प्रायव्हेट कॉलेजमधल्या १५ टक्के सीटा, फी नेहमीपेक्षा कित्येक पट. आणि इथे ‘आपली ओळख आहे’ हे वाक्य आलं. ओळखीचा काय संबंध, तिथे पण नीटचं मेरिटच चालतं, गिऱ्हाईक पैसेवालं असल्यामुळे रांग लहान एवढंच. आणि मुलींसाठी सगळ्यात मोठी गोष्ट तर सरांनी काढलीच नाही. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेल्यावर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आणि मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की ही माफी नाही. म्हणजे जी सीट सर गळ्यात मारत होते ती घेतली असती तर वरची फी पण गेली असती आणि माफी पण. पप्पांचं उत्पन्न मर्यादेत बसतं, मी जीआर मोबाईलवर उघडून टेबलवर ठेवला तर म्हणले “हो हो ते आहेच, नंतर बघू ते.” ९१ टक्केवाल्या ओबीसी मुलीच्या बापाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट ही, प्रोफाइल नाही.

आणि शेवटी परदेश. उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, जॉर्जिया, तिन्हीचे ब्रोशर ड्रॉवरमध्ये तयार. “नीट क्वालिफाय आहे ना, झालं मग, आणि बारावी बघून तर युनिव्हर्सिटी उड्या मारेल.” उड्या मारेलच, फी भरणार म्हणल्यावर कोण नाही मारणार. इथे मी त्यांना एकच विचारलं की परत आल्यावर काय. परत आल्यावर एफएमजीई (परदेशी डिग्रीवाल्यांना इथे द्यावी लागणारी परीक्षा), ३०० पैकी १५० पाहिजेत, आणि बहुतेक वेळेला बसलेल्या शंभरातले तीससुद्धा पास होत नाहीत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा पाहिजे, इंग्लिशमधून पाहिजे, तिकडे एक वर्ष इंटर्नशिप आणि इकडे परत एक वर्ष, सगळं दहा वर्षांच्या आत, हे २०२१ पासून एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमात आहे. जी पोरगी एमसीक्यूच्या पेपरला अडकली तिला सहा वर्षांनी परत एमसीक्यूच्याच पेपरवर आणून सोडायचं, असा हा मार्ग. ज्यांची तयारी आहे त्यांनी जरूर जावं, आमच्या गल्लीतला एक जण जाऊन, पास होऊन आता तालुक्याला प्रॅक्टिस करतोय, पण हे सगळं ऐकून जावं, ड्रॉवरमधलं ब्रोशर बघून नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल काय बोलू, गुड मॉर्निंग, मोटिव्हेशन, आणि ‘लास्ट टू सीट लेफ्ट’ असले मेसेज. कॅपच्या तारखा बदलल्या त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यात उशिरा कळलं, मला सीईटी सेलच्या साइटवर आधीच दिसलेलं. ग्रुपवर पोरं मात्र चांगली भेटली, एक लातूरचा रिपीटर होता त्याने बहिणीला फिजिक्सचं कुठलं काय करावं ते एवढं सरळ सांगितलं की ऑफिसच्या कुणी सांगितलं नसतं.

त्याच्याशी बोलल्यावर घरात ड्रॉपची चर्चा झाली, खूप झाली, मी ड्रॉपच्या बाजूने होतो. बोर्ड चांगलं असणाऱ्या पोरांचा एक फायदा असतो की बसायची सवय असते, नुसती एमसीक्यूची घासाघीस पाहिजे, एनसीईआरटी ओळ न ओळ आणि टेस्ट सिरीज, आणि येत नसेल तो प्रश्न सोडून द्यायची हिंमत. बहिणीने जवळपास सगळे गोल रंगवून टाकलेले, बोर्डात कोरं सोडायचं नाही हे दहा वर्षं डोक्यात बसवल्यावर दुसरं काय होणार. पण तिला परत ते वर्ष नको होतं. ती म्हणली “दादा, मला आयुर्वेद चालतंय, तुम्हाला चालत नाहीये.” मग विषय संपला.

बी ग्रुपला तिसऱ्या राउंडला प्रायव्हेट बीएएमएस लागलं, कॅपमधून, फी माफीसह, घरापासून बसने जाण्यासारखं. सरांनी पहिल्याच राउंडला लागेल म्हणून छातीठोक सांगितलेलं, ते काही झालं नाही, दोन राउंड आई देवळात. कॉलेज चांगलं आहे की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही, हॉस्पिटलमध्ये ओपीडीला पेशंट बरे दिसले, हॉस्टेलच्या मेसची भाजी पातळ आहे एवढं बहिणीने कळवलंय.

सीट लागल्या दिवशी सरांचा फोन, उरलेले साडेबारा हजार. वर ग्रुपवर बहिणीचा फोटो, ‘आमच्या प्रयत्नांमुळे’. फोटो काढायला लावला, पैसे पप्पांनी दिले कारण ठरलं होतं म्हणून, मी दिले नसते. पावती मागितली तर साध्या कागदावर शिक्का, जीएसटी नंबर नाही.

तर माझा हिशोब असा : डॉक्युमेंट आणि प्रेफरन्सचं काम, म्हणजे मॅडम जे करत होत्या ते, तिथलं सिल्व्हर पॅकेज ६ हजाराचं आहे त्यात बसतं. घरात कुणी साइट वाचणारं नसेल, आई-वडील शेतावर असतील, जवळ सेतू सोडून काही नसेल, तर ते ६ हजार वसूल होतात, मी त्याला ४ स्टार देईन. घरात एक जरी माणूस ब्रोशर बसून वाचणारा असेल तर ते पण नको. गोल्डला १ स्टार. प्लॅटिनमचं विचारूच नका, त्यात ‘कॉलेज मॅनेजमेंटशी डायरेक्ट मीटिंग’ लिहिलंय, एमसीसीच्या साइटवरच असल्या एजंटांपासून सावध राहा म्हणून लिहून असतं.

जाणारच असाल तर दोन गोष्टी. जाताना मुलाची नीटची रँक आणि एसएमएल कागदावर लिहून न्या आणि म्हणा बारावीची मार्कशीट घरी विसरलो, मग बघा सर काय बोलतात. आणि बाहेरच्या टेबलवरच्या मॅडम अजून तिथेच आहेत का ते आत जायच्या आधी बघून घ्या, दिवाळीत फोन केला तेव्हा त्या नोकरी सोडायचं म्हणत होत्या, त्या नसतील तर सिल्व्हरचे चार स्टार पण माझ्याकडून परत.